सुपडाअक्काचा सोमवार

भटूचा फोन आला तेव्हा मी जळगावात एका डाळ मिलच्या मागच्या गोठ्यात म्हशीच्या खुराला पट्टी बांधत होतो. हात औषधाने बरबटलेले, म्हणून गोठ्याच्या मालकानेच फोन माझ्या कानाला लावून धरला.

"साहेब, मी भटू. नरडाण्याहून. माय गेली."

"कधी?"

"परवा तेरावं झालं. तुमचा नंबर सापडत नव्हता. काल तिची पिशवी आवरली, त्यात एका कागदावर निघाला."

मी पट्टीची गाठ मारली. ती सैल बसली, म्हणून सोडली आणि पुन्हा मारली. मालकाने विचारलं, "घरचं कोणी का?" मी "हो" म्हणालो. खरं तर नात्याने सुपडाअक्का माझी कोणीच नव्हती.

नोकरीला लागलो तेव्हा माझी पहिली नेमणूक साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी झाली होती. दोन खोल्यांचा कौलारू दवाखाना, पुढे जनावर बांधायला लोखंडी खोडा. मी पशुधन पर्यवेक्षक, पण गावाच्या दृष्टीने डाक्टरच. रुजू झालो त्या दिवशी सकाळी एक उंच, काटकुळी बाई पायऱ्या चढून आत आली. नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, हातात पळसाच्या पानाचा द्रोण. तिने द्रोण माझ्या टेबलावर, नेमका रुजू अहवालाच्या कागदावर ठेवला. आत शेळीच्या लेंड्या होत्या.

"नवा डाक्टर तूच का?"

"हो. तुम्ही कोण?"

"मी सुपडा. हाई देख आन सांग."

"काय बघू?"

"कपाटमा दुरबीन शे ना? ती काढ."

कपाटात खरंच सूक्ष्मदर्शक होता, कोळ्याच्या जाळ्यात गुंडाळलेला. तो पुसला, लेंड्या मिठाच्या पाण्यात कालवल्या, वर आलेला थेंब काचेवर घेतला. ती खिडकी सोडून बाजूला झाली, म्हणजे उजेड आत यावा. काय करायचं ते माझ्याइतकंच तिला ठाऊक होतं. मी डोळा लावला आणि म्हणालो, "जंतांची अंडी आहेत. बरीच आहेत."

"बरीच म्हंजे कितल्या? मोज."

मी मोजली. नोकरीतलं माझं पहिलं काम मला त्या बाईने सांगितलं.

मग हळूहळू तिची ओळख होत गेली. आईची आधीची तीन मुलं दगावली होती. ही जन्मली तेव्हा तिला सुपात घालून घराबाहेर ठेवलं आणि शेजारणीने उचलून परत आईच्या पदरात दिलं. म्हणून सुपडा. नवरा लवकर वारला. मुलगा भटू नरडाण्याच्या कारखान्यात कामाला, तिथेच खोली करून राहणारा. गावात अक्का आणि तिच्या तेवीस बकऱ्या. आमच्याकडे शेळीला बकरीच म्हणतात. माझ्या आधी केव्हातरी त्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी अक्काला एकदाच दुर्बिणीतून अंडी दाखवली होती आणि बकरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रंग कसा बघायचा ते शिकवलं होतं. जंत पोटात बसून रक्त पितात, आणि रक्त कमी झालं की ते आधी पापणीत दिसतं. बकरी तोवर चरत असते, उड्या मारत असते. मॅडम बदलून गेल्या, पण अक्काने ते धरून ठेवलं.

तिचा दिवस सोमवार. ऊन बकऱ्यांच्या वाडग्यात आलं, की ती दारातल्या दगडावर बसायची आणि एकेक बकरी गुडघ्यांत धरायची. आधी पापणी. मग जबड्याखाली हात, तिथे पाण्याची पिशवी धरली आहे का. मग पाठीच्या कण्यावरून बोटं, मग शेपूट उचलून मागचा भाग कोरडा आहे की भरलेला. उजव्या अंगठ्याचं नख ती दगडावर घासून गुळगुळीत ठेवायची, बकरीच्या डोळ्याला लागू नये म्हणून. बाकीची नखं कशीही असायची.

रंगाचे तिने तीन भाग केले होते. डाळिंब, पेरू आणि ताक. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल पापणी असली की बकरीच्या पाठीवर थाप मारून तिला सोडायची. लाल पेरूच्या गरासारखी फिकी असली की गळ्यात जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. ताकासारखी पांढरी असली तर मात्र ती तडक दवाखान्याची वाट धरायची. औषध फक्त चिंधीवाल्यांना. गावानेही ते शब्द उचलले होते. बायका पाण्यावर भेटल्या की एकमेकींना विचारायच्या, "तुनी काबरी बकरी पेरूवर उनी म्हणे?" आणि आपापल्या बकऱ्या घेऊन सोमवारी अक्काच्या दारात उभ्या राहायच्या. मी तिथे गेलो त्या पहिल्या दोन पावसाळ्यांत त्या गावात जंताने एकही बकरी मेली नाही. शेजारच्या गावांतून मात्र रोज मेलेली जनावरं बघायला मला जावं लागे.

मी तिला पहिल्या महिन्यात अहो-जाहो करत होतो. तिने ते चालू दिलं नाही. म्हणाली, "तू माले 'तुम्ही' म्हनस, तवय माले वाटस मांगे कोनी दुसरं उभं शे."

साक्रीच्या आठवडे बाजारात तिच्याबरोबर जाणं म्हणजे भांडणाची तयारी ठेवून जाणं. गावातल्या कोणाला बकरी घ्यायची असली की अक्का सोबत असायची. व्यापारी दुधाची धार काढून दाखवायचे, कास दाखवायचे. ती धारेकडे बघायचीच नाही. बकरीच्या तोंडापाशी उकिडवी बसून पापणी ओढायची.

"अक्का, डोळे काय बघते, दूध बघ," एक व्यापारी एकदा चिडून म्हणाला.

"दूध कालनं शे. डोया आजना शे," अक्का म्हणाली आणि उठली. ती बकरी घ्यायला आलेला माणूसही तिच्या मागोमाग उठला. व्यापारी बराच वेळ आमच्या पाठीवर बोलत होता.

माणसांनाही ती सोडत नसे. माझं लग्न झालं आणि सुजाता पहिल्यांदा तिकडे राहायला आली तेव्हा अक्का बघायला आली. चहा घेतला, सुजाताला जवळ बसवलं आणि काही न विचारता अंगठ्याने तिची पापणी खाली ओढली.

"हाई पोर ताक शे रे."

सुजाताला राग आला. "मी काय बकरी आहे का?"

"बकरीना डोया मी हर सोमवारले देखस. तुना कोन देखस?"

दुसऱ्या दिवशी मी सुजाताला धुळ्याला नेलं. रक्त फार कमी निघालं, आणि दिवस गेल्याचंही तेव्हाच कळलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सुनावलं, असं अंगावर काढलं असतं तर दोघांपैकी कोणाचंच सांगता आलं नसतं. पुढचे सगळे महिने अक्का आठवड्यातून एकदा येत राहिली. कधी नाचणीचं पीठ, कधी शेवग्याचा पाला. आमच्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी तिनेच धरली. सुजाताची आई तिला माझ्याकडची कोणी थोरली विहीणबाई समजून नमस्कार करायला वाकली होती.

हे सगळं सांगतो आहे, कारण पुढचं सांगणं मला जड जातं.

मुलीच्या जन्माच्या वर्षी वरून आदेश आला. तालुक्यातल्या प्रत्येक बकरीला एकाच आठवड्यात जंताचं औषध पाजायचं, दर चार महिन्यांनी. प्रत्येक दवाखान्याला आकडा ठरवून दिलेला. मी अक्काकडे गेलो.

"ज्यासना डोया लाल शे त्यासले कसाले पाजशी?" तिने विचारलं.

"सगळ्यांनाच पाजायचं आहे, अक्का. आदेश आहे."

"भाऊ, जंत बी शिकतस. मॅडमनी माले सांगेल शे. बठ्ठास्ले पाजशी तर ज्या मरतीन नही त्याच उरतीन. त्यासनाच वंश वाढी. मंग फुढला सालले काय पाजशी?"

तिचं बरोबर होतं. मलाही हेच शिकवलं होतं, परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलं होतं. जे जंत औषधाला पुरून उरतात त्यांची वीण वाढते, आणि एक दिवस तेच औषध पाण्यासारखं होतं. म्हणूनच गरज असेल त्याच जनावराला द्यायचं. पण अक्काने बकऱ्या आणल्या नाहीत तर गावातलं कोणीच आणणार नाही, हेही मला ठाऊक होतं. माझा आकडा पुरा होणार नव्हता, आणि साहेब दर दोन दिवसांनी फोनवर विचारत होते.

मी म्हणालो, "माझ्यासाठी कर, अक्का."

तिने माझ्याकडे बघितलं. मग उठली आणि वाडग्याचा झाप बाजूला केला.

औषध पाजायच्या शिबिराच्या दिवशी ती सगळ्यांत पुढे होती. एकेका बकरीचा जबडा तिने स्वतः धरला, तिच्या आणि गावाच्याही. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं, की बकऱ्या जास्त आहेत आणि बाटल्या कमी. कागदावर तर सगळ्या बकऱ्या दाखवायच्या होत्या. मी माप कमी केलं. मोठ्या बोकडालाही करडाइतकंच पाजलं. अर्धवट औषधाने जंत मरत नाहीत, उलट निबर होतात, हेही मला माहीत होतं. दिवसभर मान खाली घालून मी पिचकारी भरत राहिलो.

अशी शिबिरं दोन वर्षं चालली. माझं काम चांगलं म्हणून कौतुक झालं. सोमवारी अक्काच्या दारात बायका यायच्या कमी झाल्या, कारण औषध सरकारच पाजत होतं. ती मात्र आपल्या बकऱ्यांच्या पापण्या बघतच राहिली.

तिसऱ्या वर्षी पाऊस हटेना. दिवाळी तोंडावर आली तरी डोंगर हिरवेगार आणि गवत दिवसभर ओलं. एका सोमवारी अक्काला चार बकऱ्या पेरूवर दिसल्या. तिने चिंध्या बांधल्या आणि औषध पाजलं. पुढच्या सोमवारी त्याच चौघी ताकावर होत्या, आणि आणखी सहा पेरूवर. त्या दिवशी ती चिखलातून चालत दवाखान्यात आली. दारातच उभी राहिली.

"दवा लागत नही, भाऊ."

मी पुन्हा तेच औषध दिलं, पुरं माप मोजून. चार दिवसांनी लेंड्या तपासल्या. अंडी तितकीच. नमुना धुळ्याला पाठवला, उत्तर लवकर येईना. दुसऱ्या जातीचं औषध आमच्या दवाखान्यात नव्हतंच. शेवटी मी स्वतः धुळ्याला जाऊन ते दुकानातून आणलं, पण त्यात आठ-दहा दिवस गेले.

तोवर अक्काच्या वाडग्यात रोज एक-दोन आडव्या होत होत्या. आधी जबड्याखाली पाणी उतरायचं, मग मान टाकायच्या. त्या सोमवारी मी तिच्याकडेच होतो. ती दगडावर बसली होती. बकरी गुडघ्यांत घ्यायची, पापणी ओढायची, सोडायची. तोंडाने डाळिंब, पेरू काहीच म्हणत नव्हती. भुरी नावाची तिची सगळ्यांत जुनी बकरी चालत तिच्यापर्यंत येऊ शकली नाही. अक्काच उठून तिच्याकडे गेली आणि चिखलात तिच्याशेजारी बसली. भुरीची पापणी तिने ओढली नाही. नुसता कानामागे हात फिरवत राहिली.

रोग तिला गावात सगळ्यांत आधी दिसला होता. वेळेवर दिसला होता. आणि त्याचा काहीएक उपयोग झाला नाही.

नव्या औषधाने तेविसांपैकी सहा वाचल्या. गावात इतरांच्याही पुष्कळ गेल्या. दुःखाला कोणीतरी समोर लागतं. शेजारच्या विमलबाईच्या नऊच्या नऊ गेल्या होत्या. ती भर चौकात अक्काला म्हणाली, "तूच सांगे ना, देखत राह्यं म्हंजे मरत नहीत? तुन्याच हातखाल पाजं आम्ही. आते सांग!"

मी तिथेच होतो. शिबिर माझं होतं, माप माझं होतं. चौकात वीसेक माणसं उभी होती. तोंड उघडून एवढं सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. मी मोटारसायकलला किक मारली. अक्काने माझ्याकडे बघितलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घराकडे गेली.

त्यानंतर सोमवारी तिच्या दारात कोणी आलं नाही, आणि तीही दगडावर बसली नाही. उरलेल्या सहा बकऱ्या तिने भाचीला देऊन टाकल्या. भटू येऊन तिला नरडाण्याला घेऊन गेला. ती गेली त्या दिवशी मी दौऱ्यावर होतो. म्हणजे दौरा मी काढला होता.

पुढे माझी बदली जळगावला झाली. तीन वर्षं मी तिच्याकडे गेलो नाही. दर वर्षी मुलीच्या वाढदिवसाला सुजाता विचारायची, "अक्काला भेटून यायचं का?" मी काहीतरी काम सांगायचो. गेल्या उन्हाळ्यात धुळ्याला एक प्रशिक्षण होतं. गावोगावच्या बायकांना बकऱ्यांची पापणी तपासायला शिकवायचं होतं, आणि शिकवणारा मी. वर्गात बायका एका शांत बकरीभोवती बसून पापणी ओढत होत्या, हसत होत्या. एकीने विचारलं, "सर, हे तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हणालो, "साक्रीकडे, एका बाईकडून." संध्याकाळी जळगावची बस सोडून मी नरडाण्याच्या बसमध्ये बसलो.

कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. अक्का दारात बसून लसूण सोलत होती. खूपच वाळली होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"ये भाऊ. पोर कशी शे?"

"शाळेत जाते."

"आन सुजाता?"

"बरी आहे. आठवण काढते."

सुनेने पाणी दिलं आणि चहा ठेवायला आत गेली. अक्का बकऱ्यांचं काही विचारेना, मी प्रशिक्षणाचं काही सांगेना. शेवटी मीच म्हणालो, "अक्का, एक सांगायचं होतं. त्या शिबिरात बाटल्या कमी पडल्या, तेव्हा मी माप कमी केलं होतं."

ती लसूण सोलत राहिली. "देखेल व्हतं मी."

"तेव्हाच?"

"मी जबडा धरीसन उभी. पिचकारी मन्या डोयासमोर. दिसाव नही का?"

"मग बोलली का नाहीस? चौकात विमलबाई एवढं बोलली, तेव्हा तरी?"

"तू बी व्हता ना तठे."

ती रागाने म्हणाली नव्हती. तिने मांडीवरची सालं झटकली.

"तुनं काय, भाऊ. तुले वरथून हुकूम व्हता. माले कोनाच हुकूम नव्हता. माले बठ्ठं माहित व्हतं, तरी मीच त्यासना जबडा धरा. मुकी जनावरं. मी धरं म्हनून उभी राह्यनीत." ती थांबली. "हाईच माले सरत नही."

मला तिच्या पायांवर हात ठेवायचा होता. तेवढ्यात रस्त्यावर पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला आणि ओळीतल्या सगळ्या खोल्यांमधून बायका हंडे-कॅन घेऊन धावल्या. सून चहा गाळत होती. अक्का भिंतीला हात टेकून उठली.

"मी जातो ना अक्का, दे तो कॅन."

"तुले कोन वळखस तठे? नंबर नही लागाव तुना." तिने निळा कॅन उचलला. "बस, चहा पी. पोरले जपजो."

चहा पिऊन मी बाहेर आलो तेव्हा टँकरभोवती गर्दी झाली होती. शेवटची बस चुकवून चालणार नव्हतं. रस्त्याच्या या बाजूने मी तिला शोधलं. तिला पाहिलं ते हे शेवटचं. रांगेत मधेच ती उभी होती, कॅन दोन्ही हातांनी पोटाशी धरून. कडेवर लेकरू असलेली एक तरुण बाई मागून आली आणि तिच्या पुढे शिरली. अक्का एक पाऊल मागे सरली, तिला जागा करून दिली, आणि पुन्हा तशीच उभी राहिली.